लाल तुऱ्यांचा श्रावण

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. टाळायला दर वेळी काहीतरी सापडायचं. आधी नोकरी होती, मग मुलीचं लग्न, मग बायकोचं आजारपण. आणि हे सगळं उरकल्यावर 'आता कशाला उकरायचं' असं म्हणायला सोयीचं वय आलं. ओळखीचे लोक म्हणायचे, 'साहेब, जन्म कोंबड्यांत काढलात, लिहा की काहीतरी. गमतीजमती लिहा.' गमतीजमती खूप होत्या. पण त्यातली कुठलीही सांगायला घेतली की ती फिरून एका संध्याकाळपाशी जाऊन उभी राहते. ती संध्याकाळ गाळून लिहिणं म्हणजे पुन्हा खोटं लिहिणं, आणि खोटं मी एकदा लिहून बसलो आहे. ते छापूनही आलं आहे.

आता पुन्हा श्रावण लागला. आमच्या परभणीकडे श्रावणात काळी माती चपलेला धरते आणि पावलागणिक चप्पल जड होत जाते. मुगाच्या शेंगा काळ्या पडायला लागतात आणि नेमकी तेव्हाच झड लागते. बायका ओल्या लुगड्यांनी शेंगा तोडतात, घराघरांत त्या सुकायला पसरतात, आणि सगळ्या गावात एक कुबट हिरवा वास भरून राहतो. लोकांना त्या वासानं सण आठवतात. मला भुईमुगाची टरफलं आठवतात. कोंबड्यांच्या पायाखाली आम्ही ती अंथरायचो. सर्द हवेत ती ओलावली की विष्ठेत मिसळून त्यांचा असा झणका उठायचा, की डोळ्यांतून पाणी यायचं. तो वास कपड्यांना लागायचा, केसांत बसायचा, जेवताना बोटांना यायचा. तरी सांगतो, या सगळ्या कहाणीत किळस यावी अशी ती गोष्ट नाही. जिची यावी ती वेगळी आहे.

परवा माझा पुतण्या महेश मला त्याचं नवं शेड बघायला घेऊन गेला. मानवतच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच आहे. ज्या घरात माझ्या लहानपणी अंडं हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नसे, त्या घरातून आता अंड्यांची खोकी भरून जातात.

"काका, तलंगा अंड्यावर यायल्यात," तो म्हणाला. "एकदा नजर टाका."

तलंग म्हणजे अजून अंडं न दिलेली, भरात आलेली कोंबडी. मी आयुष्यभर जे केलं ते या एका अवस्थेवर केलं: तलंगीची कोंबडी होताना तिच्या आत काय घडतं, आणि ती ज्या जागेत राहते त्या जागेचा त्यावर काय परिणाम होतो. म्हणून गेलो.

दार उघडताच नाकात सुया गेल्यासारखं झालं. तारेचे पिंजरे, एकावर एक, शेवट दिसत नाही इतके लांब. प्रत्येकात कोंबड्या अशा कोंबलेल्या की एकीनं मान वळवली तर बाकीच्यांनी मागं सरकावं. तारेला घासून माना उघड्या पडलेल्या, त्यांची कातडी लालसर, पुरळ आल्यासारखी. या दिवसांत तलंगीचा तुरा पळसाच्या फुलासारखा भडक आणि ताठ पाहिजे. इथले तुरे फिकट होते, ओल्या चिंधीसारखे एका डोळ्यावर लोंबत होते. खाली विष्ठेचे ढीग, त्यात अळ्यांची वळवळ. एका पिंजऱ्यात एक मरून पडली होती. कधी मेली कोण जाणे. बाकीच्या तिच्या अंगावर उभ्या होत्या आणि ती तारेला चिकटून सपाट झाली होती. माझ्या डोळ्यांदेखत तिच्या पिसांवरून एक स्वच्छ पांढरं अंडं घरंगळत पुढच्या पन्हळीत आलं. महेशनं अंडं उचललं.

"आणि ती मेलेली?" मी विचारलं.

"नंतर बघू की."

मी बाहेर आलो आणि बांधावरच्या बाभळीला धरून खरोखर ओकलो. महेश पाण्याची बाटली घेऊन धावत आला. बिचारा घाबरला होता.

"काका, तुमाला सवय राह्यली न्हाई आता. न्हाईतर ही विद्या तुमचीच. पिंजऱ्यात कोंबडी शांत राहती, हे तुमीच तर लिहिलंय. त्यावरच तर बाबांनी पहिले पिंजरे बसवले."

मी चूळ भरली. पिंजऱ्यात कोंबडी शांत राहते. होय, ते मीच लिहिलं होतं.

अठ्ठ्याहत्तर सालचा तो पावसाळा. पेडगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गावापासून लांब, पैदाशीच्या कोंबड्यांचं एक केंद्र होतं. त्या संस्थेचं नाव मी घालत नाही, दोष संस्थेचा नव्हता. मी नुकताच शिकून आलेला, तिथला प्रमुख म्हणजे तिथला एकमेव साहेब. दोन शेडं होती. एकात तारेचे पिंजरे, तेव्हा आमच्या भागात नवलाईचे. दुसऱ्यात जमिनीवर टरफलांची गादी, तिच्यावर मोकळ्या फिरणाऱ्या तलंगा, बसायला काठ्या, अंडी घालायला अंधाऱ्या पेट्या. या दुसऱ्या शेडाला लागून एक विटांची छोटी खोली होती. उन्हाळ्याआधी तिथं बल्बच्या उबेत पिल्लं वाढायची. पिल्लं मोठी होऊन शेडांत गेली की ती खोली झाडून, चुना मारून, कोरडी टरफलं पसरून आम्ही कुलूप लावून ठेवायचो. पावसाळाभर ती रिकामी असायची.

तलंग अंड्यावर येते तो काळ बघण्यासारखा असतो. दिवस पुरेसा मोठा असला की उजेड तिला नुसता डोळ्यांनी कळत नाही, तो कवटीच्या पातळ हाडातून आत झिरपतो. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याच्या डाळीहून लहान ग्रंथी असते, तिला जाग येते. तिथून निघालेलं हार्मोन रक्तातून बीजकोशापर्यंत जातं, आणि बीजकोशातून निघालेली हार्मोनं साऱ्या अंगाला वर्दी देतात. तुरा फुलतो, लाल होतो. मागची दोन हाडं एकमेकींपासून सरकतात, अंड्याला वाट करून देतात. पाठीवर हात ठेवला की ती पंख जरा उघडून खाली बसते. आणि मग ती कोपरे शोधायला लागते. पेटीत डोकं घालून बघते, टरफलं चोचीनं इकडची तिकडं करते, बाहेर येते, पुन्हा जाते. पहिलं अंडं द्यायचं तर तिला आधी जागा पसंत पडावी लागते. या वेळी ती बिचकली, तिला हुसकलं, घाबरवलं, तर भीतीचं हार्मोन रक्तात चढतं आणि आतलं सगळं काम अडतं. तयार झालेलं अंडंसुद्धा ती पोटात धरून ठेवते. मग उशिरा पडलेल्या अंड्यावर चुन्याची पांढरी भुकटी साचलेली असते.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. जागा नसेल, भीती असेल, तर जिवाचं काय होतं, यावर मी तेव्हा तासभर बोलू शकत होतो.

माझ्या हाताखाली दोन माणसं. पहारेकरी जब्बारभाई, आणि कोंबड्यांचं सगळं करणारी गयाबाई. गयाबाई जवळच्याच एका गावाच्या बाहेरच्या वस्तीतली. उंच, खणखणीत आवाजाची, तोंडाला विसावा नाही. तिनं माझ्या तलंगांना 'सायबाच्या पोरी' असं नाव पाडलं होतं.

"सायेब, पोरी नटायल्यात तुमच्या," सकाळी शेडातून ओरडायची. "लाली लावून बसल्यात. पावने बोलवायचे का?"

"काम कर, गया."

"करायलेच की. पर बापाचंच अजून जमंना, तर पोरींचं कसं व्हायचं?"

जब्बारभाई दारात बिडी विझवत हसायचे. "साब कू भी लाल तुरा होना बोल, गयाबाई."

माझं तेव्हा लग्न व्हायचं होतं. मी तोंड वळवून हसायचो. साहेबानं समोर हसू नये असं वाटायचं.

दर रविवारी मी मानवतला घरी जायचो. आई अंगणातच बादली भरून ठेवायची. "तिथंच थांब. आधी पाणी घे अंगावर, मग बोल." आमच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग. ते अंगावरून उतरवायचं नसतं, म्हणून आई रडकुंडीला यायची. तिचा देव माझ्या गळ्यात बसून कोंबड्यांच्या घाणीत जात होता. ज्या पंथाची सुरुवातच माणसामाणसांतली उतरंड मोडायला झाली, त्या पंथाच्या आमच्या घरात आठ दिवसांची विटाळाची धुणी एका बादलीत व्हायची. मी आईला दोष देत नाही. तिची किळस निदान उघड होती. माझी आत होती.

केंद्रावर पाण्याचे दोन माठ होते. कुठल्या माठातलं कुणी प्यायचं हे कुणी लिहून लावलं नव्हतं. जब्बारभाई दोन्हीतलं प्यायचे आणि म्हणायचे, "दोनों में नल एकच है." मी एकातलंच प्यायचो. मेलेल्या कोंबडीचं पोट फाडून मी उघड्या हातानं आतडी चाचपायचो, अंगठ्याखाली विष्ठा चोळून वास घेऊन बघायचो, त्याचं मला काही वाटत नसे. गयाबाईच्या हातचं पाणी मात्र मी कधी प्यायलो नाही. तेव्हा त्याचा विचारही डोक्यात आला नव्हता.

त्या श्रावणात माझं जे काम चाललं होतं ते असं. पिंजऱ्यातल्या तलंगा आणि गादीवरच्या तलंगा, दोन्ही अंड्यावर येत होत्या. दोन्हींचं रक्त काढायचं, बर्फात घालून मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेला पाठवायचं, आणि कुठल्या घरात त्यांच्या हार्मोनांची घडी नीट बसते ते बघायचं. यात एक गोम असते. कोंबडी हातात धरली की धरल्याचीच भीती तिच्या रक्तात उतरते. म्हणून धरल्या धरल्या पंखाखालच्या शिरेतून रक्त निघालं पाहिजे. उशीर झाला, ओढाताण झाली, तर तुम्ही तिच्या घराचं नाही, तुमच्याच हातांचं मोजमाप करता. हा नियम मी गयाबाईला आणि जब्बारभाईंना इतक्यांदा सांगितला होता की ती दोघं माझी नक्कल करायची.

आणि त्याच दिवसांत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, आणि मराठवाडा पेटला. एसट्या बंद पडल्या. तारा तोडल्या, रस्त्यांवर झाडं पाडली. गावोगावच्या वस्त्या जळाल्याच्या बातम्या कुजबुजत यायला लागल्या. त्या रविवारी मी मानवतला होतो. दुकानाच्या ओट्यावर माणसं बसली होती, रोजची, देवभोळी, वजनात काटा मारणारी. एकजण म्हणाला, "लय माजले होते. बरं झालं." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी शिकलेला. मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते मला चांगलं आठवतं.

त्यानंतरचा तो दिवस. सकाळपासून पाऊस धरून होता. रक्त काढायचा दिवस ठरलेला, बर्फ आणलेला, आणि गयाबाईचा पत्ता नाही. पिंजऱ्यातल्या तलंगांचं रक्त आम्ही दुपारी काढलं. जब्बारभाई दार उघडून एकेक बाहेर काढत, मी सुई लावत होतो. सगळं शांतपणे, नियमानुसार झालं. पण गादीवरच्या मोकळ्या कोंबड्या धरणं जब्बारभाईंच्या आवाक्यातलं नव्हतं. मी वाट बघत बसलो. बर्फ वितळत होता. मी गयाबाईवर मनातल्या मनात चरफडत होतो. तिच्या गावाकडून सकाळी धूर दिसला होता. तो मी बघितला होता. तरी मी चरफडत होतो.

दिवेलागणीला शेडातले बल्ब लागले. तलंगांचा दिवस लांबवायला आम्ही ते लावायचो. आजूबाजूला सगळा अंधारलेला मुलूख आणि मध्ये हा आमचा पिवळा उजेड. त्या उजेडाच्या रोखानं बांधावरून दोन माणसं येताना दिसली. जवळ आली तेव्हा तीन आहेत हे कळलं, गयाबाईच्या नवऱ्यानं, सोपाननं, त्याच्या म्हाताऱ्या आईला पाठीवर घेतलं होतं. म्हातारीच्या डोक्यावरून पोतं घातलेलं. ती खोकत होती.

मी काय म्हणालो ते तसंच लिहितो.

"इतका उशीर, गया?"

ती दारात उभी राहिली. तिच्या पदराची कड जळालेली होती. अंगाला जळक्या छपराचा, जळक्या ज्वारीचा वास येत होता.

"घर गेलं सायेब," ती म्हणाली. "समद्या आळीची गेली. लेकरं आधीच भावाकडं सेलूला धाडली, म्हणून वाचली." मग तिनं खोलीकडं बघितलं. "पिल्लायची खोली मोकळी हाय न्हवं? म्हातारीला तेवढं कोरड्यात निजवते. दोन दिसांचं काम हाय."

"आधी रक्ताचं उरकू," मी म्हणालो. "बर्फ संपायलाय. मग बघू."

मग बघू. त्या दोन शब्दांवर ती बाई हात धुऊन शेडात आली. तिचा नवरा म्हातारीला घेऊन पत्र्याच्या पागोळ्यांखाली उभा राहिला आणि गयाबाई माझ्या कोंबड्या धरायला लागली. तिला वाटलं असणार, काम झालं की किल्ली मिळेल. मी तसं वाटू दिलं.

ते काम कसं झालं ते मला माहीत आहे. तिचे हात थरथरत होते. तिच्या अंगच्या धुराच्या वासानं असेल, बाहेरच्या खोकल्यानं असेल, कोंबड्या उधळल्या. काठ्यांवरून खाली पडल्या, कोपऱ्यात एकीवर एक चढून ढीग झाला. आम्ही त्यांच्यामागं धावत होतो. एकेक धरायला इतका वेळ लागला की माझा नियम केव्हाच मोडला होता. मी ओरडत होतो. गयाबाई कोंबडी छातीशी धरून पुटपुटत होती, "गप बाई, गप. काय न्हाई होत. काय न्हाई होत." तिच्या हनुवटीवरून पाणी गळून कोंबडीच्या पिसांवर पडत होतं. मी सुई लावली. रक्त आलं. नळी बर्फात ठेवली. पुढची आण म्हणालो.

सगळं झाल्यावर तिनं पुन्हा हात धुतले आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिला बोलायची गरज वाटली नाही, ठरलंच होतं ना.

मी म्हणालो, "गया, खोली देता येणार नाही. केंद्राचा नियम आहे."

असा कुठलाही नियम नव्हता.

"साब," जब्बारभाई मागून म्हणाले, "रैने देव ना. पानी पडरा. मैं देख लेतूं सब."

मग मी शास्त्र काढलं. तिला समजावून सांगितलं, हळू आवाजात, शिक्षकासारखं. "कोंबड्या अंड्यावर आल्यात. खोली शेडाला लागून आहे. परकी माणसं, चूल, धूर, रात्रभर खोकला, याचा परिणाम होतो. त्यांच्या रक्तात उतरतो. माझं वर्षाचं काम जाईल. तुला नाही कळायचं ते."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता. तसा चेहरा मी तिचा कधी बघितला नव्हता, एवढंच सांगता येईल.

"आता तर धरल्या मी त्या," ती म्हणाली. "तवा न्हाई झाला परिणाम?"

तिनं पदर डोक्यावर ओढला, सासूच्या डोक्यावरचं पोतं नीट केलं आणि नवऱ्याला म्हणाली, "चला." दोन पावलं जाऊन वळली.

"आमी जातो सायेब. पोरींला निजू द्या."

जब्बारभाई त्यांच्याबरोबर कंदील घेऊन स्टेशनच्या वाटेपर्यंत गेले. परत आल्यावर ते कुलूप लावलेल्या खोलीच्या पायरीवर बसून राहिले.

पुढं बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी भ्यालो. त्यांना ठेवून घेतलं असतं तर जाळणारे केंद्रावर आले असते, कोंबड्या गेल्या असत्या, नोकरी गेली असती. भीती माणसाला माफ असते, म्हणून हे कारण मला आवडायचं. पण तेवढं खरं नाही. मी त्या क्षणी काय बघत होतो ते मला आठवतं. मला ती खोली दिसत होती, पांढरी, कोरडी, आणि त्या स्वच्छ टरफलांवर ती म्हातारी थुंकतेय असं दिसत होतं. माझ्या पिल्लांच्या जागेवर. मला किळस आली होती. मेलेल्या कोंबडीचं आतडं हातात धरणाऱ्या माणसाला, भिजलेल्या एका म्हातारीची.

ती किळस आता उलटली आहे. आरशात दाढी करताना येते.

दुसऱ्या दिवशी गादीवरच्या पेट्यांत अंडी कमी होती आणि जी होती त्यांच्यावर चुन्याची भुकटी. ढिगाखाली काही तलंगा गुदमरून मेल्या होत्या. गयाबाई आली नाही, ती पुन्हा कधीच कामावर आली नाही. जब्बारभाईंनी पुढच्या आठवड्यात, पाठमोरं होऊन, कोंबड्यांना दाणा टाकता टाकता सांगितलं, "पेडगाव टेसन पे थे दो दिन. फिर सेलू गये. बुढिया गुजर गई."

त्या दिवशी मी दुसऱ्या, गयाबाईच्या माठातलं पाणी प्यायलो. काही उपयोग नव्हता त्याचा, कुणी बघितलंही नाही.

शहरातून निकाल आले. पिंजऱ्यातल्या तलंगांच्या रक्तात भीतीचं हार्मोन कमी, गादीवरच्यांत चढलेलं. ज्याला हे शास्त्र येतं त्यानं गादीवरचं ते रक्त फेकून द्यायला हवं होतं, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा सगळं मांडायला हवं होतं. पण का फेकलं ते सांगावं लागलं असतं. कोण धरत होतं, ती का थरथरत होती, बाहेर कोण खोकत होतं, हे सांगावं लागलं असतं. ती संध्याकाळ अहवालात आणायची तर गयाबाईला आणावं लागलं असतं, आणि तिला आणलं तर मला. मी तिला दुसऱ्यांदा बाहेर ठेवलं. लिहिलं: अंड्यावर येणाऱ्या पैदाशीच्या तलंगा पिंजऱ्यात जास्त शांत राहतात. वरिष्ठांना आवडलं. छापून आलं. मला बढती मिळाली. सेलू-मानवतकडचे लोक विचारायला यायचे आणि मी त्यांना पिंजऱ्यांचे फायदे सांगायचो. पिंजरे तसेही आले असते, माझ्या एका अहवालानं आले असं म्हणणं हाही एक मोठेपणाच. पण महेशच्या बापानं तरी माझ्या शब्दावर बसवले. त्या सपाट झालेल्या कोंबडीवरून घरंगळत आलेलं अंडं कुठून निघालं होतं, ते मला माहीत आहे.

म्हणून ज्यांनी ते वाचलं असेल त्यांच्यासाठी स्पष्ट लिहून ठेवतो. तो निष्कर्ष खोटा आहे. गादीवरच्या कोंबड्यांच्या रक्तात जी भीती सापडली ती गादीची नव्हती. ती जळलेल्या घरांची होती, आणि माझ्या ओरडण्याची.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला नामांतराचा तिढा सुटला. मी आईकडून तिळगूळ घेऊन मानवतहून परभणीला आलो होतो. स्टँडबाहेर हलग्या वाजत होत्या, निळ्या गुलालानं रस्ता भरला होता. मी स्कूटर बंद करून कडेला उभा होतो. गर्दीतून पांढऱ्या लुगड्यातली एक उंच, पिकलेली बाई थेट माझ्याकडं आली.

"सायेब! वळखलं का?"

आवाजानं ओळखलं. तोच खणखणीत.

"पोरी कशा हायत तुमच्या?" ती म्हणाली आणि हसली. टोमणा होता का नुसतीच आठवण, मला आजही ठरवता येत नाही.

"बऱ्या आहेत," मी म्हणालो. मूर्खासारखं. "तू कशी आहेस?"

"मी झाक. सेलूला घर बांधलंय. दोन खोल्या, पक्क्या. या कवा तिकडं आले तर. जागा लय हाय." तिनं पदराखालच्या पुड्यातून पेढा काढून माझ्या हातावर ठेवला. "घ्या, तोंड गोड करा."

माझ्या तोंडात शब्द आले होते. खरंच आले होते. तेवढ्यात हलगी जोरात वाजली, तिला कुणीतरी हाक मारली, आणि ती "येते सायेब" म्हणून निळ्या गर्दीत गेली. पेढा माझ्या हातात होता. मी तो रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. घरी जाऊन खाईन म्हटलं. दुसऱ्या दिवशी बायकोनं कपडे धुवायला घेतले तेव्हा रुमालाला मुंग्या लागल्या होत्या.

त्यानंतर एकदा मी सेलूला गेलोही. स्टेशनवर उतरून पत्ता विचारला, एका पोरानं बोटानं गल्ली दाखवली. गल्लीच्या तोंडाशी थांबून मी बराच वेळ चहा प्यायलो आणि परतीची गाडी धरली. नंतर कळलं, गयाबाई गेली. आता शब्द जागेवर आहेत, ऐकणारी नाही. तरी ते जसे तेव्हा म्हणायला हवे होते तसे लिहितो, आणि जन्मभर तिला जे म्हटलं नाही ते 'तुम्ही' लावून लिहितो.

गयाबाई, तसा नियम कुठंच नव्हता. तुमच्यानं माझ्या कोंबड्यांचं काहीही बिघडलं नसतं. तुमच्या सासूबाईंना कोरड्यात निजवायला तुम्ही एक खोली मागितलीत. मला माफ करा, खोली रिकामी होती.